चौकातला पुतळा आणि कोपऱ्यावरचे दुकान: ऑक्सफर्ड, मिसिसिपी येथील एक प्रकरण

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्याच्या उत्तर भागातील ऑक्सफर्ड हे लफेएट काउंटीचे (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) मुख्य ठिकाण. 2020 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या 25 हजारांच्या थोडी वर भरली. गावाच्या मध्यभागी काउंटीचे न्यायालय आहे आणि त्याच्या चारही बाजूंनी दुकानांच्या रांगांनी वेढलेला चौक आहे. चौकाच्या पूर्व अंगाला नगरभवनासमोर एका बाकावर गावचे कादंबरीकार विल्यम फॉकनर यांचा ब्राँझचा पुतळा बसलेला दिसतो: पायावर पाय टाकलेला, डोक्यावर हॅट, हातात पाइप. तेथून काही पावलांवर, चौकाच्या आग्नेय कोपऱ्यावर नीलसन हे कपड्यांचे आणि घरगुती वस्तूंचे जुने दुकान आहे. ते 1839 पासून चालू असून दक्षिणेतील सर्वांत जुने दुकान असल्याचा त्याचा दावा आहे.

पुतळा 25 सप्टेंबर 1997 रोजी, फॉकनर यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी उभा राहिला आणि तो उभा राहण्याआधीच गावात वाद पेटला होता. दुकानाविषयी असा वाद कधी झाला नाही, कारण त्याला कोणी स्मारक म्हटलेच नव्हते. प्रस्तुत अभ्यासात या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या आहेत. गावाने आपल्या लेखकाची आठवण जाणीवपूर्वक उभारली तेव्हा काय घडले आणि व्यवहाराच्या ओघात ती नकळत जपली गेली तेव्हा काय घडले, हा त्यातला मुख्य प्रश्न आहे. माझे मत आधीच सांगून ठेवतो: दुकानाने ही आठवण अधिक प्रामाणिकपणे सांभाळली आहे आणि त्याचे कारण भावनेत नसून उधारीच्या वहीत आहे.

गाव आणि चौक

हा सारा प्रदेश चिकासॉ लोकांचा होता. 1832 च्या पाँटोटॉक क्रीकच्या तहाने त्यांनी मिसिसिपीतील आपली जमीन सोडली, 1836 मध्ये लफेएट काउंटी स्थापन झाली आणि 1837 मध्ये गावाला नगराचा दर्जा मिळाला. ज्या जागेवर गाव वसले ती होका नावाच्या एका चिकासॉ स्त्रीकडून खरेदी केलेली होती. विद्यापीठ आपल्याकडे यावे या आशेने इंग्लंडमधील विद्यानगरीचे नाव गावाला देण्यात आले आणि ही आशा फळाला आली. 1844 मध्ये मिसिसिपी विद्यापीठाला सनद मिळाली व 1848 मध्ये ते सुरू झाले. या गावाचे पुढचे सारे अर्थकारण विद्यापीठाभोवती फिरले, हे दुकानाचा विचार करताना विसरून चालत नाही.

यादवी युद्धात, ऑगस्ट 1864 मध्ये, जनरल ए. जे. स्मिथ यांच्या हाताखालील संघीय सैन्याने चौक जाळला. न्यायालय आणि भोवतालची दुकाने राख झाली. नंतर सर्व काही पुन्हा बांधले गेले आणि 1907 मध्ये न्यायालयाच्या दक्षिण बाजूस, दक्षिणेकडे तोंड केलेला कॉन्फेडरेट (म्हणजे यादवी युद्धात दक्षिणेच्या फुटून निघालेल्या राज्यांच्या बाजूने लढलेल्या) सैनिकाचा संगमरवरी पुतळा बसवण्यात आला. फॉकनर तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होते. ते पाच वर्षांचे असताना, 1902 मध्ये, कुटुंब ऑक्सफर्डला राहायला आले होते. त्यांचा जन्म जवळच्या न्यू ऑल्बनी गावचा. म्हणजे या चौकात पुतळा उभारण्याची रीत त्यांनी लहानपणीच पाहिली होती. शिवाय त्यांचे पणजोबा, कर्नल फॉकनर, यांचाही उंच संगमरवरी पुतळा शेजारच्या रिप्ली गावच्या दफनभूमीत उभा होता. पुतळे कशासाठी उभारले जातात आणि उभारणारे त्यातून स्वतःविषयी काय सांगू पाहतात, हे या माणसाला कोणी समजावून देण्याची गरज नव्हती.

'द साउंड अँड द फ्युरी' या 1929 च्या कादंबरीचा शेवट याच चौकात होतो, मात्र कादंबरीत गावाचे नाव जेफरसन आहे. मतिमंद बेंजीला घोडागाडीतून नेताना लस्टर हा पोरगा सैनिकाच्या पुतळ्याला नेहमीप्रमाणे उजवीकडून वळसा घालण्याऐवजी गाडी डावीकडे घेतो. बेंजी आक्रोश सुरू करतो. गाडी पुन्हा नेहमीच्या वाटेला लागते आणि दुकानांच्या पाट्या, खिडक्या, दारे ठरल्या क्रमाने डोळ्यांसमोरून जाऊ लागतात तेव्हाच तो शांत होतो. स्मारक माणसांच्या सवयींना कसे जखडून ठेवते हे याहून नेमके सांगणारा प्रसंग मला आठवत नाही. ऑक्सफर्डने नंतर ज्यांचा पुतळा उभारला त्या लेखकाने पुतळ्यांविषयीचे आपले म्हणणे वयाच्या एकतिसाव्या वर्षीच लिहून ठेवले होते.

दुकान

विल्यम स्मिथ नीलसन यांनी 1839 मध्ये लाकडी ओंडक्यांच्या खोपटात हे दुकान सुरू केले. गाव तेव्हा दोन वर्षांचे होते. 1864 च्या आगीनंतर दुकान पुन्हा उभे राहिले, पुढच्या पिढीतील जे. ई. नीलसन यांचे नाव त्याला मिळाले आणि 1897 मध्ये ते चौकाच्या आग्नेय कोपऱ्यावरील आजच्या जागी आले. हे वर्ष फॉकनर यांच्या जन्माचेही आहे. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात मालकी नीलसन घराण्याकडून लुइस घराण्याकडे गेली, पण पाटीवरचे नाव बदलले नाही.

अमेरिकेतील बहुसंख्य लहान गावांच्या मध्यवर्ती बाजारपेठा 1960 नंतर ओस पडल्या. हमरस्त्यालगत मॉल आणि स्वस्त मालाची साखळी-दुकाने आली, मोटारीने जाणारे गिऱ्हाईक तिकडे वळले आणि चौकातल्या दुकानांना कुलपे लागली. मिसिसिपीतच अशी कितीतरी गावे आहेत. नीलसन मात्र टिकले. त्याचे श्रेय वारसा-जतनाला देण्याचा मोह होतो, परंतु मला ते पटत नाही. पहिले कारण विद्यापीठ आहे. दर वर्षी नवे विद्यार्थी, त्यांचे पालक, शिक्षक आणि फुटबॉलच्या सामन्यांसाठी येणारे माजी विद्यार्थी यांचा न आटणारा प्रवाह गावात येत असतो आणि त्याला चांगले कपडे हवे असतात. दुसरे कारण न्यायालय आणि नगरभवन यांनी चौक सोडला नाही हे आहे. ज्या गावांत सरकारी कचेऱ्या गावाबाहेर गेल्या तेथे दुकानांचे दुपारचे गिऱ्हाईकही गेले. तिसरे कारण दुकानाच्या स्वभावातले आहे: ते शंभराहून अधिक वर्षे घराण्यांच्या हातात राहिले आणि मालकाला गिऱ्हाईक नावाने ठाऊक असे.

या तिसऱ्या कारणापाशी थोडे थांबायला हवे. कापसाच्या प्रदेशात पैसा वर्षातून एकदा, कापूस विकला गेल्यावर, हाती येत असे. उरलेले महिने व्यापाऱ्याच्या उधारीवर निघत. वाट्याने शेती कसणाऱ्यांच्या बाबतीत ही उधारी पिढ्यान्‌पिढ्या न फिटणारी बेडी ठरली, विशेषतः कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी. दक्षिणेचा आर्थिक इतिहास त्या वह्यांशिवाय लिहिता येत नाही. गावातल्या मध्यमवर्गीयासाठी मात्र तीच उधारी प्रतिष्ठेची खूण असे, कारण खाते असणे म्हणजे चार लोकांत विश्वास असणे. फॉकनर हे या दुसऱ्या प्रकारचे खातेदार होते आणि फारसे चांगले खातेदार नव्हते.

दुकानाने थकबाकीची मागणी केल्यावर त्यांनी पाठवलेल्या उत्तराची प्रत नीलसनमध्ये चौकट करून लावलेली आहे. पत्रासोबत 10 डॉलरचा धनादेश होता. पुन्हा असेच नशीब फळले तर वर्षअखेर आणखी काही देता येईल, असे त्यांनी कळवले. हे मान्य नसेल तर खुशाल दावा लावा, मग कदाचित सही केलेले एखादे पुस्तकही हाती लागेल आणि ते दहा महिन्यांनंतरची तारीख टाकलेल्या धनादेशावरील सहीपेक्षा नक्कीच अधिक मोलाचे ठरेल, असा त्या पत्राचा सूर आहे. वरवर उद्धट वाटणाऱ्या या मजकुरात एक हिशेबही आहे. लेखकाने आपल्या दोन सह्यांची बाजारातली किंमत मांडली आणि कोणती वाढणार हे सांगून टाकले. दुकानाने ते पत्र फाडले नाही, की खटलाही भरला नाही.

गावाचा लेखकाशी व्यवहार

त्या काळी गावात फॉकनर यांना आदर नव्हता. तरुणपणी ते पैसे नसतानाही डौलात फिरत म्हणून लोकांनी त्यांना चिडवण्यासाठी एक खोटी सरदारकी बहाल केली होती. 1921 ते 1924 या काळात ते विद्यापीठातील टपाल कार्यालयाचे प्रमुख होते आणि कामातील हेळसांडीच्या तक्रारींनंतर त्यांनी ते पद सोडले. 1930 मध्ये त्यांनी 6 हजार डॉलरला, हप्त्यांवर, एक मोडकळीला आलेले जुने घर घेतले. रोअन ओक या नावाने ते आज ओळखले जाते. घराचे हप्ते, भावाबहिणींच्या कुटुंबांचा भार आणि न खपणारी पुस्तके यांतून ते 1932 पासून हॉलिवुडच्या पटकथालेखनाकडे वळले. 1942 मध्ये वॉर्नर ब्रदर्सने त्यांना आठवड्याला 300 डॉलरवर करारबद्ध केले, आणि 1940 च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांची जवळजवळ सर्व पुस्तके बाजारातून नाहीशी झाली होती. ज्या कादंबऱ्यांमुळे गावाला आज पर्यटक मिळतात त्या सर्व याच उधारीच्या काळात लिहिल्या गेल्या.

चौकातील सगळेच व्यापारी त्यांच्याशी सारखे वागले असे नाही. गॅथराइट-रीड या औषधांच्या दुकानाचे मॅक रीड त्यांची हस्तलिखिते टपालात टाकण्यासाठी गुंडाळून देत आणि गावात दुसरीकडे कोठे मिळत नसताना त्यांची पुस्तके आपल्या दुकानात विकत. साहित्याच्या इतिहासात अशा माणसाला तळटीप मिळते. माझ्या मते या प्रकरणात ते मध्यवर्ती पात्र आहेत.

वारे फिरले ते 1949 मध्ये. 'इंट्रूडर इन द डस्ट' या त्यांच्या 1948 च्या कादंबरीचे हक्क एम.जी.एम. कंपनीने 50 हजार डॉलरला घेतले, चित्रीकरण ऑक्सफर्डमध्येच झाले, स्थानिक लोक पडद्यावर झळकले आणि चित्रपटाचा पहिला खेळ गावातल्या लिरिक चित्रपटगृहात झाला. पाठोपाठ 1950 मध्ये त्यांना 1949 सालचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. चित्रपट कंपनीने गावात खर्च केलेला पैसा व्यापाऱ्यांना नोबेलपेक्षा आधी समजला, असे म्हटले तर ते कडवट वाटेल, पण घटनांचा क्रम तसाच आहे. पुढे 1950 च्या दशकात वंशभेदाविरुद्ध लिहिल्यामुळे ते गोऱ्या गावकऱ्यांच्या पुन्हा मनातून उतरले. दुसरीकडे, 1956 मध्ये 'सबुरीने घ्या' असे जाहीरपणे लिहिल्यामुळे कृष्णवर्णीय विचारवंतांनीही त्यांना धारेवर धरले. शेवटची वर्षे त्यांनी बरीचशी व्हर्जिनियात काढली.

6 जुलै 1962 रोजी त्यांचे निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा निघाली. स्थानिक वृत्तपत्राने छापून वाटलेले एक छोटे पत्रक त्या दिवशी चौकातल्या दुकानांच्या दारांवर लागले होते: विल्यम फॉकनर यांच्या स्मरणार्थ हा व्यवसाय आज दुपारी 2 ते 2:15 बंद राहील. पंधरा मिनिटे! नोबेल मिळवलेल्या लेखकासाठी शनिवारच्या बाजाराची पंधरा मिनिटे हा हिशेब हास्यास्पद वाटू शकतो. मला तो तसा वाटत नाही. ज्या माणसाला गावाने आयुष्यभर उधारी दिली आणि नावेही ठेवली, त्याला बाजाराने आपल्या मापाने मोजून दिलेला तो निरोप होता आणि त्यात खोटे काही नव्हते. तीन महिन्यांच्या आत, 30 सप्टेंबरच्या रात्री, जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून विद्यापीठात दंगल उसळली, दोन माणसे मारली गेली आणि संघीय सैन्य गावात उतरले. फॉकनर जिवंत असते तर त्या रात्री त्यांच्या दारावर कोण आले असते, हा प्रश्न पुतळ्याच्या सोहळ्यात विचारण्याजोगा होता.

1997 चा निर्णय

पुतळ्याचे काम शेजारच्या टेलर गावात राहणारे शिल्पकार बिल बेकविथ यांना मिळाले. जागा ठरली ती नगरभवनासमोरची. ही इमारत 1885 ची, मूळची संघीय न्यायालय व टपाल कार्यालयाची. तिथे एक मोठे मॅग्नोलियाचे झाड होते. मॅग्नोलिया हे मिसिसिपीचे राज्यवृक्ष आणि राज्यपुष्पही. पुतळ्यासाठी जागा करताना ते झाड तोडले गेले आणि गावात संताप उसळला. फॉकनर यांच्या आप्तांनाही पुतळ्याची कल्पना रुचलेली नव्हती, कारण ज्या माणसाने आयुष्यभर आपले खाजगीपण जपले त्याला चौकात मांडणे त्यांना अनुचित वाटत होते.

या वादात तीन वेगळे आक्षेप एकमेकांत मिसळून गेले आणि निर्णय घेणाऱ्यांनी ते वेगळे करून पाहिले नाहीत, ही माझ्या मते या प्रकरणातली खरी चूक. झाडाचा आक्षेप कार्यपद्धतीविषयी होता: सार्वजनिक जागेतली, सर्वांच्या सवयीची गोष्ट कोणाला विचारून काढायची? आप्तांचा आक्षेप हक्काविषयी होता: मृत माणसाच्या प्रतिमेवर गावाचा अधिकार किती? या दोहोंवर वाटाघाटी करता आल्या असत्या. जागा थोडी सरकवता आली असती, सोहळा साधा करता आला असता.

तिसरा आक्षेप खुद्द फॉकनर यांचा होता आणि तो लेखी होता. 1949 च्या फेब्रुवारीत समीक्षक माल्कम काउली यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटले होते की एक खाजगी व्यक्ती म्हणून आपण इतिहासातून पुसले जावे, छापील पुस्तकांखेरीज मागे काहीही उरू नये, ही आपली महत्त्वाकांक्षा आहे. आपल्या आयुष्याचा सारांश आणि मृत्युलेख एकाच वाक्यात मावावा, त्याने पुस्तके लिहिली आणि तो मेला, असेही त्यांनी त्यात सुचवले होते. लेखकाची प्रत्येक इच्छा समाजावर बंधनकारक असते असे मी मानत नाही. तसे मानले तर कित्येक हस्तलिखिते आज जळून गेलेली असती. पण इच्छा मोडायचीच असेल तर ती माहीत असल्याचे स्मारकाच्या रूपात कोठेतरी दिसायला हवे.

येथे शिल्पकाराला श्रेय द्यावे लागते. पुतळा उंच चौथऱ्यावर नाही. तो माणसाच्या उंचीचा, बाकावर बसलेला, शेजारी जागा सोडलेला आहे. 1907 च्या सैनिकासमोर मान वर करावी लागते, येथे शेजारी बसता येते आणि लोक बसतातही. कोणी छायाचित्र काढते, कोणी आइस्क्रीम खाते. सत्तेच्या चौकात नागरिकाच्या मापाचा पुतळा बसवणे हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता आणि वाद ओसरण्याचे मोठे कारणही तेच असावे. तरीही या पुतळ्यातला गृहस्थ निवांत आहे, तृप्त आहे, त्याच्यावर कोणाची थकबाकी नाही. गावाने आपल्याला हवा तसा फॉकनर बसवून घेतला आहे. चार पावलांवरचे दुकान मात्र 10 डॉलर पाठवून दावा लावायला सांगणारा माणूस दाखवते. दोन्ही पाहिल्याशिवाय चित्र पुरे होत नाही, आणि पर्यटक बहुधा पहिल्याशीच थांबतो.

परिणाम

पुतळ्यामुळे ऑक्सफर्ड साहित्यनगरी झाले, असा समज बाहेरच्यांत आढळतो. वस्तुस्थिती उलट आहे. रोअन ओकला 1968 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, विद्यापीठाने ते घर 1972 मध्ये विकत घेतले आणि 1974 पासून फॉकनर यांच्यावरील वार्षिक परिषद भरू लागली. 1979 मध्ये रिचर्ड आणि लिसा हॉवर्थ यांनी चौकात 'स्क्वेअर बुक्स' हे पुस्तकांचे दुकान काढले, ते वाढले, तेथे लेखक येऊन वाचन करू लागले, नवे लेखक गावात राहायला आले आणि 2001 ते 2009 या काळात रिचर्ड हॉवर्थ गावाचे महापौरही होते. 1997 चा पुतळा या पंचवीस वर्षांच्या कामावरची मोहोर आहे. ज्या गावांना ऑक्सफर्डचे अनुकरण करायचे असते ती बहुधा मोहोरेपासून सुरुवात करतात, कारण ती एका अर्थसंकल्पात बसते. पुस्तकांचे दुकान वीस वर्षे चालवणे बसत नाही.

यशाची किंमतही चौकाला मोजावी लागली आहे. घरांचे भाव चढले, माजी विद्यार्थ्यांनी सामन्यांच्या दिवसांसाठी सदनिका घेतल्या, चौकात उपाहारगृहे आणि मद्यालये वाढली. रोजच्या गरजेच्या वस्तू विकणारी जुनी दुकाने अशा बाजारात कमी होत जातात. नीलसनने आपला माल या नव्या गिऱ्हाइकाच्या अभिरुचीकडे वळवून मार्ग काढला. शेतकऱ्याला उधार कापड देणारे ते दुकान आता राहिलेले नाही आणि तशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

2020 च्या उन्हाळ्यात देशभर कॉन्फेडरेट पुतळ्यांवरून आंदोलने झाली. विद्यापीठाने आपल्या आवारातील 1906 चा सैनिक मुख्य प्रवेशाजवळून उचलून आवारातल्याच दफनभूमीत नेला. चौकातील सैनिकाविषयी निर्णय काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाचा होता, कारण न्यायालयाची जमीन काउंटीची आहे, आणि मंडळाने जुलैत एकमताने तो जागीच ठेवण्याचे ठरवले. नगरभवनासमोरचे बाक नगराच्या अखत्यारीत आणि न्यायालयासमोरचा सैनिक काउंटीच्या, अशी ही विभागणी आहे. त्यामुळे फॉकनर यांच्या स्मारकाचा अर्थ ज्या दुसऱ्या स्मारकाशी सर्वांत घट्ट जोडलेला आहे, त्याच्यावर फॉकनर यांचा पुतळा उभारणाऱ्या नगराचा काहीच अधिकार चालत नाही.